उघड्या गाडीला पत्र्याचा टप

आपल्याला एखादी गोष्ट येत नाही हे माणसाला कळलं, तर ती गोष्ट निदान त्याच्या हातून बिघडत तरी नाही. आमच्या ह्यांना ते कळलं नव्हतं.

हे विमा कंपनीत अधिकारी होते, मोटार अपघातांच्या दाव्यांच्या टेबलावर. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे, गॅरेजवाल्याच्या अंदाजपत्रकावर लाल पेनानं काटछाट करायची आणि कडेला लिहायचं, 'हा भाग बदलण्याची आवश्यकता नव्हती, ठोकून सरळ झाला असता.' सहा वर्षं हे केल्यावर आपल्याला गाडी कळते अशी त्यांची खात्री झाली. शवविच्छेदनाचे कागद फाइलला लावणाऱ्या कारकुनानं एक दिवस एप्रन चढवून ऑपरेशनला उभं राहावं, तसली ही खात्री.

हे मी आज म्हणते. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ह्यांची बदली झाली म्हणून कोल्हापूर सोडून आम्ही थेट जयपूरला येऊन पडलो होतो. बनीपार्कात एका बंगल्याचा तळमजला भाड्यानं घेतला होता. मी जवळच्या शाळेत भूगोल शिकवायचे. नवरा हुशार आहे असं समजायची मला घाई होती. नव्या गावात, जिथं दूधवाल्याशीसुद्धा दुसऱ्या भाषेत बोलावं लागतं, तिथं घरातलं एकुलतं एक मराठी माणूस मूर्ख आहे हे कोण लवकर मान्य करील?

गाडी मिळाली ती चौमू गावाच्या पलीकडच्या एका जुन्या गढीत. तिथल्या कुंवरसाहेबांची जीप नीलगायीला धडकली होती, तिच्या पाहणीला हे गेले होते. संध्याकाळी परत आले ते बूट न काढताच स्वयंपाकघरात.

"अगं, विलायती गाडी आहे! दोन दारांची. छत असं मागं दुमडतं," हे दोन्ही हातांनी हवेतच छत दुमडून दाखवत म्हणाले. "तीस वर्षांपूर्वीची. आणि तो माणूस तिच्यात कडबा भरून ठेवतो!"

"मग?"

"मग काय, घेतली."

कुंवरसाहेब सफारी सूट घालणारे गृहस्थ होते. गढीच्या आवारात त्यांना कोंबड्यांचा धंदा काढायचा होता आणि गाडी पिंजऱ्यांच्या जागेत येत होती. पुढं दहा वर्षांत तसल्या गढ्यांची हॉटेलं झाली, गोरे लोक तसल्या गाड्यांना टेकून फोटो काढून घेऊ लागले. तेव्हा या गृहस्थांकडं कोंबड्याही उरल्या नव्हत्या. दोन शहाणे एका झाडाखाली भेटले आणि दोघांनाही वाटलं की आपण समोरच्याला फसवलं.

रविवारी ट्रॅक्टरला दोरानं बांधून गाडी आमच्या पोर्चमध्ये आली. खरं सांगते, सुंदर होती. साय असते तसा रंग, तोही जागोजागी उडालेला. लांब नाक, गोल दिवे. आत डॅशबोर्डची फळी अख्खी अक्रोडाची, धुळीखालूनसुद्धा तिच्या रेषा दिसत होत्या. कापडी छत फाटलं होतं, पण त्याचा लोखंडी सांगाडा शाबूत होता. त्या सांगाड्याला आतून बारीक पितळी कड्या ओवलेल्या होत्या आणि त्यांना तपकिरी मखमलीची लक्तरं लोंबत होती.

"हे काय?" मी विचारलं.

"उन्हासाठी असणार," हे म्हणाले आणि ती लक्तरं ओढून काढून त्यांनी बोनेट पुसलं.

मग सुरू झालं ते काम. आधी रविवारी, मग रोज ऑफिसातून आल्यावर. चौडा रास्ता नावाच्या बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून हे विलायती मासिकं आणायचे. त्यांत एप्रन घातलेले इंग्रज आपापल्या गॅरेजांत हसत उभे असायचे. त्या इंग्रजांच्या मागं भिंतीवर हत्यारं ओळीनं टांगलेली असत. आमच्याकडं एक पाना, एक पक्कड आणि माझ्या शिवणयंत्राचा स्क्रूड्रायव्हर. एवढ्यावर ह्यांनी दीड महिन्यात अख्खं इंजिन उघडलं. निघालेले नटबोल्ट बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत ठेवले. डबे चौदा झाले. त्यांतल्या तीन डब्यांवर 'महत्त्वाचे' अशी चिठ्ठी होती, बाकीच्या अकरांवर काहीच नव्हती.

मी काय करत होते? मी शेजारी स्टुलावर बसून बॅटरीचा उजेड धरत होते. शाळेतल्या बायकांना "आमच्याकडं एक जुनी विलायती गाडी आहे" असं सहज बोलल्यासारखं दाखवून सांगत होते. तेव्हा सगळा दोष ह्यांच्या पदरात टाकून मोकळं होता येत नाही.

इंजिन उघडलं गेलं, पण परत जुळेना. शेवटी स्टेशनरोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. चष्म्याची मोडकी दांडी त्यांनी दोऱ्यानं कानाला बांधली होती. त्यांनी चौदाही डबे एकेक करून उघडले, बघितले, झाकणं परत लावली.

"साहब, इंजन ठीक था," ते म्हणाले. "अब नहीं है."

ह्यांना जे जमलं नाही त्याला त्या दिवसापासून त्यांनी 'आधुनिक करणं' हे नाव दिलं. जुनं इंजिन दुरुस्त होत नाही काय? मग ते जुनाटच आहे, काढून टाका. भंगारात निघालेल्या एका जीपचं डिझेल इंजिन मिस्त्रींकडून बसवून घेतलं. ते नाकात मावेना म्हणून बोनेटला वर चौकोनी भोक पाडून त्यावर पत्र्याचं खोकं ठोकलं. सुरू केल्यावर गाडी अशी हादरायची की पोर्चच्या खांबाला टेकवलेली सायकल पडायची. बनीपार्कात लोकांना वाटलं, आमच्याकडं पिठाची गिरणी निघाली. सीटांचं चामडं काढून त्यांवर निळं रेक्झिन चढवलं, खाली इतका फोम भरून की बसल्यावर गुडघे स्टिअरिंगला टेकावेत. टेप बसवला. तीन सुरांत वाजणारा ट्रकचा हॉर्न बसवला. आणि ती अक्रोडाची फळी काढून तिथं प्लायवूडवर सनमायका लावला, त्याच्यावर सागाच्या लाकडाच्या रेषा छापलेल्या होत्या.

लाकूड काढून लाकडाचं चित्र लावलं. आणि ते चित्र निवडलं मी. दुकानदारानं पाच नमुने समोर टाकले होते, त्यांतला मी बोट ठेवून दाखवला. काढलेली फळी मिस्त्रींनी हातात घेऊन बोटानं पुसली आणि विचारलं, "यह ले जाऊँ?" हे म्हणाले, "खुशाल न्या." माणसानं कचरा उचलून नेला म्हणून आम्ही त्यांचे आभार मानले.

गणपतीत जयपुरातली मराठी कुटुंबं एकत्र जमायची, बँकेतली, विम्यातली, छावणीतली. तिथं गाडीचं कौतुक झालं. "वा, अगदी नवी दिसते!" एक म्हणाले. दुसऱ्यानं विचारलं, "ॲव्हरेज काय देते?" जुन्या सुंदर गाडीला पाहून ॲव्हरेज विचारणारा माणूस देवळात गेला तर घंटेचं वजन विचारत असावा. पण हे खूष. मोदक खाताना हे सगळ्यांना 'टॉर्क' म्हणजे काय ते समजावत होते, आणि कुणी उलटा प्रश्न विचारला नाही म्हणून ते जमूनही गेलं.

छताची गोष्ट मात्र पुढच्या उन्हाळ्यातली. फाटकं कापड काढून ह्यांनी सांगाडा तसाच मागं दुमडून ठेवला होता आणि वर ताडपत्रीचा एक तुकडा बांधला होता. मे महिन्यात एका रविवारी आम्ही बगरूला गेलो, ठशांनी छापलेल्या चादरी आणायला. परतताना अर्ध्या वाटेत आंधी आली. आधी पश्चिमेला आकाश तांबूस झालं, मग ते आकाश चालत आमच्याकडं आलं. हे सांगाडा ओढून वर आणायला उतरले, पण सीटांत भरलेल्या फोमनं तो मधेच अडकला. त्यांनी ओढला, मी ओढला. वाळू तोंडात, कानांत, पोलक्यात. शेवटी नव्या चादरी डोक्यावरून लपेटून आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला दोन गाठोड्यांसारखे बसून राहिलो. समोरून एक उंटगाडी गेली. उंटानंही आमच्याकडं मान वळवून पाहिलं.

आंधी गेली. हे डोळ्यांतली वाळू काढत म्हणाले, "उघडी गाडी ही कल्पनाच मुळात चुकीची आहे."

मला वाटलं, आता गाडी विकतील. मी मनातल्या मनात त्या आंधीचे उपकार मानले. पण ह्यांनी दुसऱ्या आठवड्यात परकोट्यातून, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातून, धान्याच्या कोठ्या बनवणारा एक माणूस आणला. त्यानं गाडीचं माप घेतलं आणि पत्र्याचा टप बनवला. पुढच्या काचेच्या चौकटीपासून मागच्या डिकीपर्यंत, रिव्हेट मारून कायमचा. वर सामान ठेवायला कॅरियर. दोन्ही बाजूंना एवढ्याशा खिडक्या, त्याही स्टीलच्या कपाटाच्या काचेच्या. मिस्त्री तेव्हा इंजिनाचा पट्टा बदलायला आले होते. ते एका बाजूला उभं राहून बघत होते.

"साहब, यह गाड़ी है. अनाज की कोठी थोड़े ही है," ते हळूच म्हणाले.

"मिस्त्रीजी, जमाना बदलतो," हे म्हणाले.

मिस्त्रींनी दुमडणाऱ्या छताचा तो सांगाडा तेवढा मागून नेला. पुढं मी पाहिलं, त्यांनी तो आपल्या बसायच्या जागेवर उभा करून वर गोणपाट टाकलं होतं आणि त्याच्या सावलीत ते चहा पीत होते. फळीनंतर त्या गाडीतली ही दुसरी वस्तू शहाण्या माणसाच्या हातात पडली.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी दारात जीप थांबली. कुंवरसाहेब उतरले आणि मागून त्यांच्या आई, ज्यांना ते माँसा म्हणत. साठीच्या आसपासच्या, फिक्या रंगाची ओढणी कपाळाच्याही खाली ओढलेली. डोळ्यांच्या डॉक्टरकडं आल्या होत्या. जाता जाता गाडी बघायची, असा त्यांनी हट्ट धरला होता. पोरानं त्यांना न विचारता ती विकली होती, हे तेव्हा मला कळलं.

हे पुढं झाले. बोनेटवरचं खोकं, टेप, सनमायका, सगळं दाखवलं. तीन सुरांचा हॉर्न वाजवला. कुंवरसाहेब "बहुत बढ़िया" म्हणत होते आणि घड्याळ बघत होते. माँसा एवढ्याशा खिडकीतून आत बघत होत्या. ह्यांनी मग पत्र्यावर थाप मारली.

"अब धूल का एक कण अंदर नहीं आता, माँसा!"

त्यांनी ओढणीआडून मान वर केली. "छत कहाँ है?"

"यही तो छत है."

"यह नहीं. जो खुलता था."

ह्यांनी ते काढून टाकल्याचं अभिमानानं सांगितलं. मग हे आणि कुंवरसाहेब बोनेटपाशी गेले आणि मी माँसांना पोर्चमधल्या खुर्चीत बसवून पाणी दिलं. माझ्याशी मात्र त्या बोलल्या. गाडी त्यांच्या यजमानांनी घेतली तेव्हा त्यांना नुकतंच मूल झालं होतं. यजमान शिकारीला जाताना छत खाली करायचे, दोस्त मागं बसायचे, आणि या गढीच्या जाळीतून बघायच्या. त्यांना स्वतःला त्या गाडीतून न्यायचं असलं की छत वर चढायचं आणि आतून चारी बाजूंनी पडदे ओढले जायचे. माहेरी जाताना, देवदर्शनाला, दवाखान्यात, नेहमी. ती मखमल उन्हासाठी नव्हती. यजमान गेल्यावर एकदा त्यांनी मुलाला म्हटलं होतं, छत उघडून मला शेतापर्यंत घेऊन चल. मुलगा हसला होता.

"आज सोचा था, आपसे कहूँगी," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पत्र्याकडं बोट केलं. "परदे तो फिर भी सरक जाते थे."

ग्लास खाली ठेवून त्या उठल्या. जीप गेली. हे आत येऊन म्हणाले, "म्हातारीला आवडली गाडी. बोलल्या नाहीत, पण आवडली."

मी त्यांच्याकडं पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मला असं वाटलं की या माणसाला मी नीट बघते आहे. राग आला असता तर बरं झालं असतं. रागाला निदान ऊब असते. मला आली ती कीव, आणि तिच्या मागोमाग माझी स्वतःची लाज. कारण लग्नानंतर मला तर कुणी कुठं चारी बाजूंनी पडदे लावले नव्हते. मी आपण होऊन स्टुलावर बसून बॅटरी धरली होती.

तिसऱ्या दिवशी हे दौऱ्यावर कोट्याला गेले. मी शाळेत रजा टाकली, रिक्षा केली आणि मिस्त्रींकडं गेले. "टप काढायचा आहे," मी म्हटलं.

"साहब ने कहा है?"

"मी सांगतेय."

मिस्त्रींनी चहा संपवला, वरचं गोणपाट काढून बाजूला ठेवलं आणि सांगाडा माझ्या रिक्षात चढवला. दुपारपर्यंत आमच्या पोर्चमध्ये छिन्नी-हातोड्याचा आवाज चालला होता. एकेक रिव्हेट तुटून फरशीवर उडत होता. माझ्यासाठीही एक हातोडा होता. पहिले चार घाव माझ्या अंगठ्यावर बसले, पण मग जमलं. टप निघाला तेव्हा आम्ही दोघांनी तो उचलून मागच्या अंगणात नेऊन उपडा ठेवला.

हे दौऱ्यावरून आले. हातातली बॅग तशीच.

"हे कुणी केलं?"

"मी."

"तुला काय कळतं गाडीतलं?"

"तुमच्याएवढंच," मी म्हटलं.

चार दिवस घरात बोलणं नव्हतं. पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तर हे हातात टेप घेऊन सांगाड्याचं माप घेत होते. सीटांतला निम्मा फोम ह्यांनीच उपसून काढला होता. मी चहा टाकायला आत गेले. आठवड्याभरात ऑफिसात हे सांगू लागले की मूळ स्वरूप जपणं हेच खरं काम असतं, टप हा आपण मुद्दामच तात्पुरता बसवला होता. कायमचे रिव्हेट मारलेला तात्पुरता टप! ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. ॲव्हरेजवाले त्यांत होतेच.

कापड मी परकोट्यातल्या तंबू शिवणाऱ्या कारागिराकडून शिवून आणलं. तो शामियाने शिवायचा, त्याला लहान वस्तू शिवता येत नव्हती. छत झालं ते भक्कम आणि बेढब, आणि उघडायला दोन माणसं लागायची. पण उघडायचं. त्याच दिवसांत, शाळेच्या आधी सकाळी, मिस्त्री मला स्टेशनमागच्या मैदानात गाडी चालवायला शिकवत होते. हे पहिल्या दिवशी बघायला आले आणि पाच मिनिटांत गेले. "बायकांना क्लचचा अंदाज येत नाही," एवढं सांगून गेले.

माघात, मोहरी फुललेली असताना, एका रविवारी आम्ही त्या गढीवर गेलो. माँसांना शेतापर्यंत न्यायला येतो, अशी आधी चिठ्ठी पाठवली होती, आणि तिला उत्तर आलं नव्हतं. कुंवरसाहेब चौकात उभे होते, मागं पिंजरे आणि कोंबड्यांची घाण. त्यांना आमचं येणं आवडलं नव्हतं.

"गाँव में लोग क्या कहेंगे?" ते ह्यांना म्हणाले. "और माँसा की तबीयत भी..."

माँसा तोवर पायऱ्या उतरून आल्या होत्या. ओढणी छातीपर्यंत ओढलेली. गाडीभोवती एक फेरी मारून त्या थांबल्या. हे घाईनं पुढं होऊन स्टिअरिंगवर बसले.

"ये नहीं चलाएँगे," त्या मला म्हणाल्या. "पराए मर्द के साथ मैं नहीं बैठूँगी. आप चलाओ."

हे उतरले. उतरताना "फर्स्ट आणि सेकंड, बास, थर्डला हात लावू नकोस" असं मराठीत पुटपुटले. थर्ड मला येतही नव्हता. छत मी आणि ह्यांनी मिळून मागं पाडलं, माँसा माझ्या शेजारी बसल्या आणि आम्ही गढीच्या दारातून बाहेर पडलो, गिरणीचा आवाज करत. गावातली माणसं ओट्यांवरून उठून उभी राहिली.

गाव संपलं, शेवटची विहीर मागं पडली, तशी त्यांनी ओढणी मागं सारली. केस मेंदीनं तांबडे केलेले. दोन्ही बाजूंना पिवळी शेतं होती आणि ऊन कोवळं होतं. मी चोरून पाहत होते. मला वाटलं, त्या रडतील, नाहीतर काहीतरी असं बोलतील की मी ते जन्मभर लक्षात ठेवीन. माझं मन तेव्हा तसल्या पाझरासाठी अगदी तयार होतं.

"इंजन की आवाज़ गंदी है," त्या म्हणाल्या. "पहले ऐसी नहीं थी."

थोडं पुढं एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन वाटेनं चालली होती. वाट अरुंद होती. मी गाडी हळू केली.

"हॉर्न दो."

"चालू दे तिला, जाईल," मी म्हटलं.

माँसांनी हात लांब करून स्वतःच हॉर्न दाबला, तीनही सूर. बाई दचकून बाजूच्या चरात उतरली, भारा सुटून पडला. तिनं आमच्याकडं पाहिलं, ओळखलं आणि घाईनं पदर तोंडावर ओढला. माँसांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. चारी बाजूंनी पडदे सोसलेल्या बाईला दुसरीला चरात ढकलताना काही वाटलं नाही. मी मनातल्या मनात त्यांच्यावर जी फुलं वाहत आले होते, ती तिथंच थांबवली. गाडी थांबवून मी उतरले आणि त्या बाईला भारा उचलून डोक्यावर द्यायला हात लावला. परत येऊन बसले तेव्हा माँसा म्हणाल्या, "आप लोगों में ऐसा चलता होगा."

"हो, चालतं," मी म्हटलं.

त्यांच्या शेताच्या बांधापर्यंत पोचलो आणि गाडी वळवताना खालून मोठा आवाज झाला. इंजिनाला धरून ठेवणारा एक बोल्ट तुटला होता आणि इंजिन एका बाजूला कलंडून बसलं होतं. तो बोल्ट ह्यांनी बिनचिठ्ठीच्या डब्यातला काढून दिला होता, असं मिस्त्रींनी नंतर सांगितलं. गाडी आता हलणार नव्हती. गढी दीडएक मैल मागं होती.

मी घाबरले. या वयाच्या बाईला उन्हात बसवून ठेवायचं की काय करायचं? माँसा खाली उतरल्या, मोजड्या सारख्या केल्या आणि चालू लागल्या. मी मागून. वाटेत त्या एका ठिकाणी थांबल्या, मोहरीचं झाड उपटून पाहिलं, शेंग दाताखाली फोडली. पुढं एका विहिरीच्या कठड्यावर बसल्या आणि मला बस म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून या जमिनीवर त्या पहिल्यांदाच पायी चालत होत्या, हे तेव्हा त्यांनी सांगितलं, तेही असं सहज, की आज भाजी कुठली आहे ते सांगावं. "पैदल अच्छा है," त्या म्हणाल्या. "गाड़ी तो बेकार निकली."

त्या हसल्या आणि मीही हसले. मघाचं त्या भाऱ्याचं मी विसरले नव्हते, तरी हसले. गाव दिसायला लागल्यावर त्यांनी ओढणी परत छातीपर्यंत ओढली आणि मी पुढं, त्या मागं, अशा आम्ही गढीत शिरलो. कुंवरसाहेबांचा चेहरा उतरला होता. आई पायी आली याचं त्यांना दुःख नव्हतं, गावानं पाहिलं याचं होतं. माँसांनी त्यांच्याकडं न बघता मला आत नेलं, स्वतःच्या हातानं ताक दिलं, आणि त्यानंतर मला कधीही बोलावलं नाही.

गाडी दुसऱ्यांदा ट्रॅक्टरला बांधून जयपूरला आली. "तू क्लचवर पाय ठेवून चालवलीस," हे सगळ्या वाटेभर सांगत होते. तुटलेला बोल्ट माझ्या पर्समध्ये होता, तो मी काढून दाखवला नाही. दाखवून काय उपयोग झाला असता?

दीड वर्षानं सोलापूरला बदलीची ऑर्डर आली. गाडी एका बँडवाल्यानं घेतली, वरातीत नवरदेवाला मिरवायला. मिस्त्रींचा निरोप घ्यायला मी एकटीच गेले. त्यांनी त्या अक्रोडाच्या फळीचा चहाचे पेले ठेवायला फडताळ केलं होतं, आणि ती चकचकीत पुसलेली होती. "ड्राइविंग मत छोड़ना, बेटी," एवढंच ते म्हणाले. मी सोडलं नाही. सोलापुरात परीक्षा देऊन लायसन्स काढलं. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, कुठं शिकलात, तर मी शहराचं नाव सांगितलं, गाडीचं नाही.

ह्यांनी सोलापुरात भिंतीवरची घड्याळं उघडायला सुरुवात केली. आमच्या घरात पुढची अकरा वर्षं किती वाजले ते आम्ही शेजाऱ्यांना विचारत होतो.